दार वाऱ्यानं लागलंय

बादशहा शिकलगारांच्या उजव्या कानात नवं मशीन बसवून संयोगिता म्हणाली, "चाचा, आता काहीतरी बोला. स्वतःचा आवाज कसा वाटतो ते सांगा." आणि नेमकं तेव्हाच वाऱ्यानं बाहेरच्या खोलीतलं दवाखान्याचं दार धाडकन लागलं. चाचांबरोबर आलेली त्यांची नात अल्फिया दचकली. चाचा मात्र खूश झाले. किती महिन्यांनी दार आपटल्याचं त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून नव्हे, स्वतःच्या कानानं कळलं होतं. त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि कुणाची तरी नक्कल करावी तशा थंड, सावकाश आवाजात म्हणाले, "दार मी लावलेलं नाही. दार वाऱ्यानं लागलंय."

संयोगिताच्या हातातला मशीन साफ करायचा बारीक ब्रश टेबलाखाली गेला. तो उचलायला ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. फरशी गार होती. वर आल्यावर तिनं विचारलं, "हे कुठलं वाक्य?"

"ते व्हय? टीव्हीवरलं नाटक हुतं एक. लय जुनं. मी तवा पुण्यात टीव्ही दुरुस्तीचं काम शिकत हुतो. एका घरात सेट दुरुस्त केला, चालू केला, तर पहिलं हेच वाक्य आलं बघा. बाई दार बडवतीया आन् नवरा असा गारढोण. डोक्यात बसलं ते बसलंच."

"घरात दार वाजलं की रोज हेच म्हणतात, मॅडम," अल्फिया म्हणाली. "आम्हाला पाठ झालंय."

"नाव काय होतं नाटकाचं?"

"नाव कुठनं म्हाईत? सेट चालला, मी हत्यारं गोळा केली आन् निघालो. फुडचं काय बघितलं न्हाई."

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांत सतरा वर्षं संयोगिता लोकांचे कान तपासत होती, आणि हे वाक्य तिनं कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकणं शक्यच नव्हतं. ते वाक्य टीव्हीतलं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं. कोयनानगरच्या वसाहतीत, दुपारच्या वेळी, त्यांच्या क्वार्टरच्या हिरव्या दारासमोर अण्णा उभे आहेत. दार बंद आहे. आतून आई दोन्ही हातांनी दार बडवते आहे, आणि अण्णा काहीच झालं नसल्यासारखे म्हणतात, दार मी लावलेलं नाही, दार वाऱ्यानं लागलंय. एवढंच. त्याच्या आधीचं काही नाही, नंतरचं काही नाही. ती तेव्हा आठ वर्षांची होती. दोन-तीन महिन्यांनी आई फलटणला माहेरी गेली ती परत आली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. का गेली, काय झालं, हे संयोगिताला कुणी सांगितलं नाही. तिनं आपलं आपणच सगळं त्या दाराला जोडून घेतलं. अण्णांशी ती कधी भांडली नाही, कारण भांडायचं तर ते वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं. बारावीनंतर शिकायला म्हणून मिरजेला आली ती घरी राहायला पुन्हा गेलीच नाही. लग्नात कन्यादान मामांनी केलं. तिनंच तसा हट्ट धरला होता. अण्णा गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट घालून मांडवाच्या मागच्या बाजूला पंगतीत पाणी वाढत होते, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यांना वाढपी समजून "इकडं या हो" म्हणालेलं तिनं बोहल्यावरून ऐकलं होतं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. त्यानंतर दिवाळीत साताऱ्याला एक तास. चहा, फराळ, हात पायाला लागतो न लागतो असा नमस्कार. नवरा ऋषिराज पहिल्याच आठवड्यात समजून चुकला होता की या बाईला कुठल्याही खोलीचं दार पूर्ण लावलेलं चालत नाही. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, "कोयनेची सवय." ते तसं खोटंही नव्हतं. जमीन कधी हलेल याचा नेम नसल्यानं वसाहतीत दिवसा कुणी कडी लावत नसे.

आणि आता एक म्हातारा माणूस सांगत होता की ते नाटक होतं. भाजी चिरताना, गाडी चालवताना, दुसऱ्यांच्या कानात दिवा धरून डोकावताना संयोगिता तेच उलटसुलट करत राहिली. अण्णांनी ते नाटक पाहिलं असेल आणि त्यातलं वाक्य आईवर वापरलं असेल, तर ते आणखी वाईट होतं. ती क्रूर थट्टा होती. पण दुसरी शक्यता होती, आणि तिच्यापाशी आलं की तिचा हात थांबायचा. दुसरी शक्यता अशी की अण्णा दारासमोर कधी उभेच नव्हते. आठ वर्षांच्या मुलीनं टीव्हीवर एक माणूस पाहिला आणि त्याच्या धडावर बापाचं डोकं बसवलं. मग तो मांडव, ते पाणी वाढणं, ते "इकडं या हो", हे सगळं कशासाठी झालं?

तिनं फोनवर जुन्या दूरदर्शन कार्यक्रमांच्या शौकिनांचा एक गट शोधला आणि लिहिलं: शहाऐंशीच्या आसपासचं मराठी नाटक, नवरा-बायको, बंद दार, नवऱ्याचं वाक्य असं असं, कुणाला आठवतं का? दोन तासांत तीस जणांना आठवलं. नाशिकच्या एका गृहस्थांच्या मते ती खुनाची गोष्ट होती. दादरच्या एक बाई म्हणाल्या, दार सासूनं लावलं होतं. सगळ्यांना खात्री होती आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एका निवृत्त मास्तरांनी मात्र तीन प्रश्न विचारले. बाई दाराच्या आत होती की बाहेर? चित्र रंगीत होतं का? शेवट काय झाला? शेवट तिला ठाऊक नव्हता. पहिल्या प्रश्नासाठी तिनं अल्फियाला फोन केला. पलीकडं अल्फिया चाचांना विचारत होती आणि चाचांचा आवाज, मशीन बसल्यापासून कमी झालेला, तिला थेट ऐकू आला: "बाई भायेर. अंगणात. नवरा आत, आरामखुर्चीत." फोन ठेवून संयोगिता खुर्चीत बसून राहिली. तिच्या आठवणीत आई आत होती. अण्णा बाहेर होते, आणि उभे होते. मग दुसरा प्रश्न आठवला, चित्र रंगीत होतं का. वसाहतीत त्यांच्या ओळीत एकच टीव्ही होता, शेजारच्या हरणामावशीकडं, आणि तो काळा-पांढरा होता. तिच्या आठवणीतलं दार हिरवं होतं. प्रकल्पाचा हिरवा रंग, खालच्या बाजूला पोपडे निघालेला, एका पोपड्याचा आकार बदकासारखा. वाक्य टीव्हीतलं असेल. दार टीव्हीतलं नव्हतं.

वीरधवल तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. सैन्यातून सुभेदार होऊन आला आणि साताऱ्यात घर बांधून अण्णांना सांभाळत होता. तिनं त्याला दुपारी फोन केला.

"दादा, कोयनेला असताना अण्णांनी आईला कधी कोंडलं होतं?"

"कोण म्हणतं?"

"मी विचारतेय."

"मला काय म्हाईत न्हाई. मी शाळेत असायचो दुपारचा. आन् हे आज कुठनं काढलंस?"

"आज नाही. तेव्हापासून आहे डोक्यात."

"तेव्हापासून," वीरधवल म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणून तू लग्नात..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "अण्णास्नी विचार की सरळ," तो म्हणाला.

"त्यांना फोनवर ऐकू येतं?"

"फोनवर? आगं, समोर बसून वरडावं लागतंय. सांगलीभर लोकांचे कान तपासतीस तू. बापाच्या कानात एकदा तरी डोकावलीस का?" बोलून गेल्यावर तोच वरमला. "हरणामावशी हाय अजून. लोणंदला, लेकाकडं. आधी तिला भेट."

रविवारी ती रेल्वेनं लोणंदला गेली. साताऱ्याच्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. लोणंदच्या बाजारात त्या दिवशी कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि त्या उग्र वासातून वाट काढत ती पत्र्याच्या गेटपाशी पोचली तेव्हा ओसरीतल्या खाटेवर हरणाबाई तांदूळ निवडत बसली होती. ऐंशीच्या वर वय, पण तांदळातला खडा नखानं उडवायची तिची पद्धत तीच होती.

"अंजनाची लेक," ती लगेच म्हणाली. "तोंड तिचंच हाय. बस."

संयोगितानं रेल्वेत चार वेळा जुळवलेलं सगळं बाजूला ठेवून सरळ विचारलं. टीव्ही, नाटक, वाक्य. हरणाबाई हसली. "नाव कुणाला ठावं गं? त्या डोंगरात चित्र कुठलं आलंय. नुसत्या मुंग्या. मानसाचं तोंड बी दिसायचं न्हाई, आवाज तेवढा खणखणीत." मग तिचा हात परातीत थांबला. "नाटक ध्यानात न्हाई, पर ती सांज ध्यानात हाय. पडवीभर बाया बसल्यावत्या. त्यो गडी म्हणला, वाऱ्यानं लागलंय, आन् तुजी आई उठली. तू पोरांत फुडं बसलीवतीस, तुजं ध्यान न्हवतं. मी तिच्या मागनं गेले. म्हणलं, अंजना, काय झालं गं? तर म्हणती, ह्यो निदान बोलला तरी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. धा दिस आदी हादरा बसलावता न्हवं का. दुपारचा. तुमच्या दाराची चौकट वाकली, दार अडाकलं. समदी भायेर, अंजना एकटी आत. आमच्या ह्यांनी पहार घालून उघाडलं."

"आणि अण्णा?"

हरणाबाईनं परात खाली ठेवली. "समोर उभा हुता. हलला न्हाई."

"का?"

"त्ये त्याला इचार. मी काय त्याच्या काळजात शिरले न्हाई. गडी वाईट न्हवता, एवढं मला ठावं हाय." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच: "टीव्ही बघाय मातुर कवा आला न्हाई. त्येला त्या मुंग्या बघवायच्या न्हाईत."

परतीच्या गाडीत ऊस, पूल, परत ऊस असं खिडकीतून सरकत होतं, आणि संयोगिता त्या दारासमोर उभ्या माणसाच्या तोंडाकडं बघत होती. चाळीस वर्षं ते तोंड हलत होतं. आता ती आवाज बंद करून बघत होती, आणि ओठ मिटलेलेच राहत होते. कुणी कोंडलं नव्हतं. कुणी थट्टा केली नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. कडी लावणाऱ्या बापाचा राग करता येतो. नुसता उभा राहणारा बाप म्हणजे काय, त्याचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. गटात मास्तर अजून शेवट विचारत होते. तिनं आपला प्रश्न काढून टाकला आणि वीरधवलला निरोप पाठवला: अण्णांना घेऊन ये. कान बघते.

ते गुरुवारी आले. वीरधवल बाहेरच्या बाकावर बसला. अण्णा आत आले ते चपला बाहेर काढून. या दवाखान्यात चपला घालून आलेलं चालतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा कान तिनं दोन बोटांनी वर-मागं ओढला आणि दिवा धरला. कागदासारखा पातळ, कडेला पांढरे केस आलेला कान. लहानपणानंतर आपण यांच्या तोंडाला हात लावलेला नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. मळ नव्हता. पडदा नीट होता. मग तिनं त्यांना तपासणीच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेच्या अलीकडं आपल्या जागेवर येऊन बसली. इथं बोललेलं बाहेर वीरधवलला ऐकू जाणार नव्हतं. इथं ओरडावंही लागणार नव्हतं. माइक, आणि आवाज वाढवायची चकती.

"अण्णा, ऐकू येतंय?"

ते दचकले. काचेतून तिच्याकडं बघितलं. "येतंय," त्यांचा आवाज तिच्या कानात आला, अगदी जवळून. "लांबनं येतंय, पर येतंय."

आवाज आला की बटण दाबा, असं यानंतर सांगायचं असतं. तिनं विचारलं, "कोयनेला हादरा बसला, दार अडकलं, आई आत होती. तुम्ही बाहेर होता. तुम्ही काय म्हणालात?"

अण्णांनी बटण मांडीवर ठेवलं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले.

"दार वाऱ्यानं लागलंय, असं म्हणालात?"

"वाऱ्यानं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "वारा कुठला, पोरी? हादरा हुता. मी काय बी बोललो न्हाई. त्येच तर." त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले, एकावर एक, आणि काचेकडं न बघता बोलू लागले, जणू कुणीतरी विचारायचीच वाट होती. "सडुसष्टच्या भूकंपात मी भिंतीखालनं मानसं काढलीवती. तवापास्नं जमीन हलली की माझं पाय माझं ऱ्हात न्हाईत. त्या दिवशी तू व्हरांड्यात खेळत हुतीस. तुला उचललं आन् पळालो. अंगणात गेल्यावर कळलं, अंजना आतच ऱ्हायली. दार बडवत हुती. पर दार उघडा म्हणत न्हवती ती." ते थांबले. "पोरगी कुठाय, म्हणत हुती. संयू कुठाय, संयू कुठाय. येवढंच. आन् तू माझ्या काखेत. नुसतं म्हणायचं, हितं हाय. दोन शबूद. ते बी तोंडातनं निघंनात. हरणाबाईच्या मालकानं दार उघडंस्तवर तुझ्या आईला वाटलं तू मेलीस. पाच मिंटं आसतील. पर त्या पाच मिंटांनंतर ती माझ्याशी कवा नीट बोलली न्हाई, आन् मी बी तिला कवा काय सांगितलं न्हाई. फलटणला निघाली तवा बी न्हाई."

संयोगितानं चकतीवरचा हात काढला. काचेपलीकडं एक म्हातारा माणूस खाली मान घालून बसला होता आणि त्याचा श्वास तिच्या कानात येत होता. मांडव आठवला. यांना त्या दिवशी मामांच्या जागी का बसवलं नाही, हे यांनी कधी विचारलं नव्हतं. उभं राहिलो म्हणून, असं यांनीच धरून चाललेलं असणार. दोघंही एकाच दाराविषयी गप्प होते आणि दोघांची दारं वेगळी होती. ते तिला सांगायला हवं होतं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं. ती आठ वर्षांची होती. तिला बोलता येत होतं. आई तिचंच नाव घेत होती, आणि ती दारापासून दहा पावलांवर होती.

"अण्णा," ती माइकमध्ये म्हणाली, "मग मी का ओ दिली नाही?"

त्यांनी मान वर केली. "दिलीस की," ते म्हणाले. "लय वरडलीस तू. आई आई करून. त्या बडवण्यात तिला ऐकू गेलं न्हाई."

तपासणीला बसलेली काही माणसं आवाज न येताच बटण दाबतात. फसवायचं म्हणून नव्हे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. संयोगिताला ती ओळखू येत. दाबण्याआधी त्यांचे डोळे एकदा तिच्याकडं वळून जात. अण्णांचे डोळे तिच्यावरच होते, पहिल्यापासून, हलत नव्हते, आणि चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. तिला स्वतःला ओरडल्याचं आठवत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं. तेव्हा तिच्याजवळ असलेलं आता जगात एकच माणूस होतं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. डोळे पुसले, ते काचेतून दिसलं तर दिसो म्हणून पुसले, आणि माइक जवळ ओढला.

"अण्णा, बटण घ्या हातात. आता आवाज येतील. बारीक असतील."

"आन् न्हाई आले तर?"

"मी वाढवत नेते," ती म्हणाली. "तुम्ही घाई करू नका."